टेकडीवरचा पहिला शेजारी

पैज लागली बेकरीसमोरच्या बाकावर, सकाळच्या चहाला, आणि लागली माझ्या जिभेमुळे. माझ्या आयुष्यात जे काही घडलंय ते बहुतेक तिच्यामुळेच, त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही.

आधी बाकावर कोण कोण होतं ते सांगतो. एक मी. मी थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरतो, म्हणून गल्ली मला छिन्नी म्हणते. माझ्या शेजारी सलूनवाला. आणि सलूनवाल्यापासून जमेल तितक्या लांब, बाकाच्या पार टोकाला, अर्धा बाहेर लोंबकळत, रिटायर्ड पोस्टमन. सलूनवाल्याने एकदा दाढी करता करता त्याच्या कानाला वस्तरा लावला होता. तेव्हापासून बोलणं बंद. पोस्टमन आता केस कापायला बस पकडून जातो, पण चहाला मात्र त्याच बाकावर येतो. आणि दारात, एप्रनवर पीठ, कमरेवर हात, बेकरीवाल्या काकू.

विषय होता माझ्या दाजींचा. दाजी म्हणजे थोरल्या ताईचा नवरा. जन्मभर त्यांनी सरकारी बागा सांभाळल्या आणि निवृत्ती जवळ आली असताना नोकरी सोडून, होतं नव्हतं ते घालून, गावाबाहेरची एक टेकडी घेतली. हॉटेल काढायला घेतली असती तरी समजलं असतं. दाजींनी घेतली दफनभूमी काढायला.

"जुनी दफनभूमी ओसंडून चाललीय," ते सगळ्यांना सांगत फिरायचे. "तिथे माणसाला मेल्यावरही अंग चोरून पडावं लागतं. माझ्याकडे या. मोकळी हवा, उतारावर ऊन, चारी बाजूंना नजारा."

"दाजी, नजारा बघणार कोण?" मी विचारायचो.

"भेटायला येणारे बघतील," दाजी म्हणायचे, अगदी गंभीरपणे. दाजींची हीच तर गंमत आहे. त्यांना चिमटा काढला तरी ते जागा पुसून बघतात, धूळ बसली की काय.

तर त्या सकाळी मी म्हणालो, "सगळं झकास आहे हो, पण तिथे पहिला कोण जाणार? जो पहिला जाईल त्याला अख्ख्या टेकडीची राखण करावी लागणार. एकट्याने. दुसरं कुणी येईपर्यंत ड्युटी बदलायची नाही."

सलूनवाल्याला ठसका लागला. पोस्टमनसुद्धा हसला, पण तिकडे तोंड करून.

"वर्षभरात तिथे एक जरी माणूस पुरला गेला ना," मी म्हणालो, "तर माझं नाव बदला."

"तुझं नाव आहेच कुणाच्या लक्षात, छिन्न्या?" काकू म्हणाल्या. "नुसतं बोलू नकोस. पैज लाव."

"लावली! काय देता?"

काकूंनी एप्रनला हात पुसले. त्या अशा हात पुसायला लागल्या की समजायचं, आता काहीतरी जड येणार. "जो हरेल त्याने स्वतःचा दगड करायचा. थडग्याचा. त्याच्यावर काय लिहायचं ते जिंकणारा सांगणार. आणि हरणाऱ्याने तो मजकूर चारचौघांत, खणखणीत आवाजात वाचायचा."

"आणि तुम्ही हरलात तर तुमचा दगड कोण कोरणार?"

"तूच. फुकट."

"मजकुरात काना-मात्रेचाही बदल चालणार नाही," पोस्टमन बाकाच्या टोकावरून म्हणाला. म्हणजे पंच ठरला.

मी तर जाम खूश. काकूंच्या दगडाचा मजकूर चहा संपायच्या आत डोक्यात तयार झाला होता: 'पाव आजचाच आहे, असं या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.'

काकूंनी ही पैज का घेतली, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या पैजा घेणाऱ्यातल्या नव्हत्याच. काका होते तोवर काका घ्यायचे. काका म्हणजे त्यांचा नवरा, खरा बेकरीवाला. गल्लीत सगळ्यात आधी उठणारा माणूस. आम्ही कूस बदलत असायचो तेव्हा याची भट्टी लाल झालेली असायची. ते गेले तेव्हा जुन्या दफनभूमीत कशीबशी एक जागा मिळाली, पार मागे. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला एक विमा एजंट. काकू दर रविवारी तिथे आडव्या होऊन, खेकड्यासारख्या दोन दगडांमधून जायच्या आणि येऊन बाकावर धुसफुसायच्या. "आयुष्यभर विमा एजंट दिसला की मागच्या दाराने पळायचा तो. आणि आता कायमचा शेजारी! मला शेजारी जागा नाही, आणि त्या मेल्याला आहे!"

आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. असो.

आता टेकडीचं सांगतो. मला वाटायचं दफनभूमी म्हणजे काय, जमीन घ्या आणि खड्डे करा. दाजींनी आधी टेकडीभर नुसतेच खड्डे करून बघितले, कुठे पाणी लागतं, कुठे साचतं, कुठे माती ढासळते. मग पाणी निघून जायला जमिनीखालून चर काढले, त्यात खडी भरली. झाडं लावली ती मुळं सरळ खाली जाणारी. "पसरणारी मुळं दगड उचलून टाकतात, मेहुणे," म्हणाले. "मग माणूस एकीकडे आणि नाव दुसरीकडे." रस्ता वर नेऊन गोल फिरवून आणला, का, तर शववाहिकेला रिव्हर्स घ्यावी लागू नये. "लोक रडत उभे असतात, आणि गाडी टूं टूं टूं करत मागे येते. बरं दिसतं का ते?"

बाकं ठेवली, तीही रस्त्याकडे पाठ करून. बसणाऱ्याला रडायचं असेल तर येणाजाणाऱ्यांना दिसू नये म्हणून.

आणि माझ्याशी भांडण केलं. दगड गुडघ्याच्या वर जायचा नाही, असा टेकडीचा नियम. मी म्हटलं, दाजी, माझ्या पोटावर पाय देताय, अक्षरं मावणार कुठे? ते म्हणाले, "थोडक्यात लिहा. सगळ्यांवर सारखं ऊन पडायला हवं." या माणसाशी भांडून काय करणार!

मग आली तालीम. हो, तालीम. सरकारी साहेब तपासणीला यायचे होते आणि दाजींना खात्री करून घ्यायची होती की पेटी खाली सोडताना पट्टे नीट धरतात की नाही, कडेच्या फळ्या माती पेलतात की नाही. पेटीत वजन हवं होतं.

"वाळूची पोती टाका," मी म्हटलं.

"पोतं कसं, सगळीकडे सारखंच जड. माणूस मधे जड असतो."

सगळ्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं.

झोपलो बुवा पेटीत. झाकण नव्हतं. चार माणसांनी पट्टे धरले, दाजी हळू आवाजात सांगायला लागले, "सोडा... सावकाश... डावीकडे थोडं..." आणि अशी छान पाळण्यासारखी पेटी खाली गेली की काय सांगू. वर चौकोनी आभाळ. एक ढग. मला वाटलं, एवढ्या छान कामाला दाद द्यायला पाहिजे. मी डोळे मिटले, तोंड थोडं उघडं टाकलं आणि श्वास रोखला.

"झालं, मेहुणे. उठा."

मी गप्प.

"मेहुणे? ...अहो, उठा की."

मी गप्प. वरून कुजबुज. एकजण म्हणाला, "रंग बघा." रंग चांगलाच असणार, दम कोंडून जांभळा झालो होतो. आणि मग दाजी खड्ड्यात उतरले. धपकन. नव्या कपड्यांनिशी. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि थेट हुंदका दिला. "आता हिला काय तोंड दाखवू मी..."

मी डोळे उघडून म्हटलं, "दाजी, पट्टे एकदम बरोबर आहेत."

ते मला मारतील असं वाटलं होतं. मारलं नाही. बराच वेळ माझं डोकं तसंच धरून बसले आणि शर्टाच्या बाहीने नाक पुसत म्हणाले, "फळ्यांचं काय? फळ्या हलल्या का?"

गल्लीत ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की सलूनवाला आरशासमोर तिची नक्कल करायला लागला. आणि तिच्या शेपटाला तो राखणदारीचा विनोद असायचाच.

साहेबांनी तपासणी केली, शिक्का मारला. एकच अट. वर्षाच्या आत वापर सुरू व्हायला हवा. नाही तर परवानगी रद्द, आणि टेकडी पुन्हा माळरान.

आणि कुणी येईना.

गावात माणसं मरतच होती. आठवड्याला एखादा दगड मी कोरत होतो. पण सगळे जुन्या दफनभूमीतच घुसत होते, पायवाटेवर, भिंतीला चिकटून, नळाच्या शेजारी. गिऱ्हाईक माझ्याकडे दगडाला आलं की मी सहज विचारायचो, "टेकडीवर का नाही नेलं?"

"नको हो. म्हणतात, तिथे पहिल्याला राखण करावी लागते."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की हे फार जुनं आहे, त्यांच्या आजीनेही ऐकलं होतं. माझा विनोद! बाकावर चहाबरोबर काढलेला! पहिल्यांदा मी खूप हसलो. घरी बायकोला सांगितलं, "बघ, आजीच्या काळात गेला माझा माल." ती हसली नाही. म्हणाली, "ताईंकडे जाऊन ये जरा."

जायची गरज पडली नाही. ताईच आली दुकानात. एका न कोरलेल्या दगडावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. ताई लहानपणी माझे कान पिळायची. त्या दिवशी पिळले असते तर बरं झालं असतं.

"लोक यांना विचारतात, राखणदार नेमला का," ताई म्हणाली. "हे हसतात तिथे. घरी आल्यावर हसत नाहीत."

मी छिन्नीला धार आहे का बघत राहिलो.

"रोज जातात रे टेकडीवर. गवत कापतात, पायवाट झाडतात, बाकं पुसतात. कुणी आलंय का? कुणी नाही. मी म्हटलं, कुणासाठी करता एवढं? तर म्हणाले, 'अगं, ज्या दिवशी येतील त्या दिवशी घाई नको व्हायला.'" ती उठली. "परवानगी गेली तर ना नोकरी, ना टेकडी. मला त्याचंही एवढं नाही. पण हा माणूस सकाळी उठून कुठे जाईल, तेवढं मला सांग."

दारात वळून म्हणाली, "तू पैज जिंकणार बहुतेक. अभिनंदन."

एखाद्याने इतकी सभ्य थप्पड मारलेली तुम्ही कधी खाल्लीय का? गाल लाल होत नाही, पण जेवण जात नाही.

त्या दिवसापासून मी पैज हरायच्या मागे लागलो. आता, कुणाला मारायचं तर आपल्याला जमणार नाही. मग गिऱ्हाइकांना पटवायला लागलो. नजारा सांगितला, हवा सांगितली, पाण्याचे चर सांगितले. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "पण शेजारी कोण आहे?"

कुणी नाही, म्हटलं की झालं. चालले.

हे इतक्या वेळा ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसाला जागा नको असते. शेजारी हवा असतो. निदान ज्याच्यावर करवादता येईल असा तरी. आमचा पोस्टमनच बघा ना. बोलायचं नाही त्या माणसाशेजारी रोज येऊन बसतो!

मी पत्र्याच्या पाट्या कापल्या. रंगवल्या. एका दुपारी दाजी जेवायला घरी गेले असताना टेकडीवर गेलो आणि ठोकून आलो. मग रविवारी सकाळी बाकावर बसून, चहात पाव बुडवत, सलूनवाल्याला म्हटलं, "तुझी जागा मस्त आहे हं."

"कसली जागा?"

"टेकडीवरची. पाटी लागलीय की तुझ्या नावाची. आरक्षित. पोस्टमनच्या शेजारी."

पोस्टमन बाकावरून पडला. खरंच पडला, अर्धा बाहेरच होता ना.

"माझ्या शेजारी हा? कुणी ठरवलं?" वर्षानुवर्षांत पहिल्यांदा तो सलूनवाल्याच्या दिशेने तोंड करून बोलला.

"मला काय विचारता? जाऊन बघा. सगळ्यांच्याच लागल्यात."

तासाभरात अख्खी गल्ली टेकडी चढत होती. दम लागला होता, पण तोंडं थांबत नव्हती. सगळ्यांच्या पुढे पोस्टमन, त्याला चढाची सवय. माझी बायको तिच्या आईला हाताला धरून आणत होती, कारण सासूबाईंची पाटी मी माझ्या पाटीला खेटून लावली होती.

"आईच्या शेजारी तुम्ही?" बायको ओरडली. "तिने काय पाप केलंय?"

"मला पलीकडच्या रांगेत घ्या," सासूबाई म्हणाल्या. "हा झोपेत घोरतो, भिंतीपलीकडून ऐकू येतं."

दाजी गवत कापायची कात्री घेऊन धावत आले. पाट्या बघितल्या, माणसं बघितली. "अहो, हे काय? मी काही केलं नाही! यातलं एकही खरं नाही!"

"खरं नाही म्हणजे?" सलूनवाला त्यांच्यावरच चिडला. "ही जागा माझी नाही? इतकी चांगली सावलीतली?"

"तुमची... हवी असेल तर..."

"हवी आहेच! फक्त याला उचला इथून."

पोस्टमनने स्वतःची पाटी आधीच उपटली होती आणि दोन रांगा वर नेली होती.

"जा, जा!" सलूनवाला म्हणाला. "तिथे वारा आहे. कान सांभाळ."

पोस्टमन तिथे उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पाटी घेऊन खाली आला. "मी का जाऊ वर? इथून खालचा रस्ता दिसतो. मधे एक जागा सोडा."

"मधली कुणाला देऊ?" दाजींनी विचारलं.

"कमी बोलणारं कुणीतरी द्या."

"इथे सगळे तसेच येतात," दाजी म्हणाले. सगळे हसले तेव्हा ते दचकले. त्यांनी विनोद केला नव्हता.

तर अशी ती सकाळ. पाट्या इकडून तिकडे चालल्यात, कुणी उन्हाला, कुणी सावलीला, दोन जावा एकमेकींकडे पाठ करून पण एकाच रांगेत. आमची गल्ली जशीच्या तशी टेकडीवर उभी राहायला लागली. दाजी दोरी घेऊन मापं घेत पळत होते, घाम पुसत होते, आणि लांबून ताई बघत होती.

पण मला आत कुठेतरी टोचत होतं. पाट्यांनी परवानगी टिकत नाही. वापर सुरू व्हायला हवा होता, म्हणजे कुणीतरी खरंच यायला हवं होतं. आणि घाई कुणालाच नव्हती.

काकूंची पाटी मी मुद्दाम वरच्या झाडाखाली लावली होती, आणि तिच्याशेजारी दुसरी: 'आरक्षित. विमा एजंट.' मला वाटलं होतं, त्या बघतील आणि तीच पाटी माझ्या डोक्यात घालतील.

काकूंनी ती पाटी उपटली. मी दोन पावलं मागे सरलो. पण त्या हातात पाटी घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या, रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत. मग म्हणाल्या, "दाजी, जरा इकडे या. इथे पाणी साचतं का?"

दाजी आले. गुडघ्यावर बसले. "नाही. इथला चर मी दोनदा काढलाय. पाऊस पडून गेला की तासात जमीन पायाखाली घट्ट लागते."

"तिकडे त्याच्या पायाशी साचतं," काकू म्हणाल्या. "भिंतीचं पाणी येतं सगळं." थोड्या थांबल्या. "तुमचा काका, तो... इथे आणता येतो का हो?"

दाजींना समजायला वेळ लागला. मग ते उभे राहिले, कात्री खाली ठेवली. "येतो. परवानगी काढावी लागते, तुमची सही लागते. पण येतो. नीट आणतो मी. माझ्या हाताने."

"मग दोन जागा द्या. लागून. एक लगेच."

मला राहवलं नाही. "लगेच म्हणजे? काकू, तब्येत बरी आहे ना?"

"माझी नाही रे मेल्या. त्याची."

एव्हाना सगळे जवळ आले होते. हातात पाट्या तशाच. शेवटी सलूनवाल्याने, जो आरशासमोर नक्कल करायचा त्यानेच, खाली बघत विचारलं, "पण काकू... एकटेच असतील ना ते इथे. अख्ख्या टेकडीवर. आपण येईपर्यंत."

तो माझा विनोद होता. त्याच्या तोंडून तो विनोद राहिला नव्हता, आणि मला कुठे बघावं कळेना.

काकू हसल्या. "त्याला काय त्याचं? जन्मभर तुमच्या सगळ्यांच्या आधी एकटाच उठला तो. अंधारात जायचा, दार उघडायचा, भट्टी पेटवायचा. आपण उठायचो तेव्हा गल्लीभर वास सुटलेला असायचा." त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. "तसाच येईल इथे आधी. सगळं गरम करून ठेवेल. आपण येऊ सावकाश."

पोस्टमनने नाक शिंकरलं. सलूनवाल्याने त्याला रुमाल दिला. घेतला त्याने.

काकांना आणलं ते सकाळी, अगदी उजाडता उजाडता. काकूंचा हट्ट होता. म्हणाल्या, उन्हं वर आल्यावर आणलं तर त्याला वाटेल उशीर झाला. नवी पेटी लहानशीच होती. वर काकांचा जुना एप्रन घडी करून ठेवलेला. शववाहिका वर गेली, गोल फिरून थांबली, टूं टूं नाही, काही नाही. पट्टे चार माणसांनी धरले. त्यातला एक मी. दाजी म्हणाले, "सोडा... सावकाश..." आणि पेटी अशी गेली, पाण्यावरून पान जावं तशी. एकही फळी हलली नाही. दाजींनी माती अशी लावली, जशी एखाद्याच्या अंगावर चादर घालतात, आणि वरून हिरवळीचे काढून ठेवलेले तुकडे बसवून दिले. तिथे काही खणलं होतं हेही दिसेना.

मग कुणी घरी जाईना. निघायचं म्हणजे काकांना एकटं सोडायचं. पोस्टमन म्हणाला, मी बसतो थोडा वेळ. सलूनवाला म्हणाला, मीही बसतो. एकाच बाकावर बसले. सासूबाईंनी चपला काढून पाय पसरले. ऊन वर आलं तरी सगळे तिथेच. शेवटी काकूच ओरडल्या, "चला घरी! झोपू द्या त्याला. पहाटे उठायचंय."

आता पैज.

सलूनवाल्याने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. बाकावर म्हणाला, "काका आधीच गेलेले होते. पैज नव्या माणसाची होती. छिन्नी हरला नाही."

"एक माणूस पुरला गेला की नाही?" मी म्हटलं. "मग हरलो. विषय संपला."

मी वाद न घालता हरलोय हे कुणी पाहिलंच नव्हतं. काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मग त्यांनी पाव बांधायच्या कागदावर मजकूर लिहून दिला. मी वाचला. म्हटलं, काकू, एवढंच? म्हणाल्या, गुडघ्याच्या वर दगड जात नाही ना, थोडक्यात लिहिलंय.

स्वतःचा दगड कोरणं हे विचित्र काम आहे. इतरांचा कोरताना मी शिट्टी वाजवतो. माझा कोरताना शिट्टी वाजली, पण अधूनमधून विसरलो. पूर्ण झाला तसा पोत्यात गुंडाळला, हातगाडीवर चढवला आणि रविवारी मीच ढकलत निघालो, बाजारातून, सगळ्यांच्या देखत. दुकानांतून माणसं बाहेर येऊन विचारत होती, "कुणाचा रे?"

"माझा!"

"कधी?"

"अजून ठरलं नाही!"

टेकडीपर्यंत मागे जत्रा जमली. दाजी फाटकात उभे होते, नवा शर्ट घालून. टेकडीचं काम आता चांगलं चाललं होतं. काकांनंतर आणखी दोघं आले होते, आणि कुणीच राखणदारीचं विचारलं नाही. उलट विचारायचे, "बेकरीवाल्यांच्या रांगेत मिळेल का?"

"कुठे लावायचा?" मी विचारलं. माझी पाटी खाली, सासूबाईंनी सोडून दिलेल्या जागेशेजारी होती.

काकू वर चढायला लागल्या. झाडाखाली काका, त्यांच्या डावीकडे काकूंची राखलेली जागा. उजवीकडे, ज्या बाजूला जुन्या जागी विमा एजंट होता, तिथे दाजींनी आधीच खळगा करून ठेवला होता.

"इथे," काकू म्हणाल्या. "दोघांच्यात सारखं काय बोलणार? तिसरा टवाळ हवा एक."

मी दगड बसवला. दाजींनी सूत लावून सरळ आहे का बघितलं. मग मी पोतं काढलं आणि उभा राहिलो. सगळी गल्ली समोर, ताई पुढे, बायको हाताची घडी घालून.

"खणखणीत," पोस्टमन म्हणाला.

मी घसा साफ केला आणि वाचलं.

"'इथे छिन्नी आहे.'"

"पुढे!"

"'या वेळी खरंच.'"

दाजी इतके हसले, इतके हसले की खाली बसले. मी त्यांना आयुष्यात असं हसताना बघितलं नव्हतं. तालमीचं सगळं व्याजासकट वसूल झालं त्यांचं.

"'तरी एकदा हलवून बघा,'" मी ओरडलो, आणि सगळी टेकडी हसली. वाटलं, सुटलो.

"अजून एक ओळ आहे," काकू म्हणाल्या.

होती. अगदी खाली, बारीक अक्षरात. मीच कोरली होती, काल दुपारी, चांगला तासभर लावून, सगळ्या ओळींत तीच सुबक आलीय. कोरताना काही झालं नव्हतं. आता वाचताना मान आपोआप खाली गेली.

"हे लिहिणारे," मी पुटपुटलो, "शेजारी."

"ऐकू आलं नाही," पोस्टमन म्हणाला. त्याच्या शेजारी उभा असलेला सलूनवाला म्हणाला, "मलाही नाही. खणखणीत ठरलं होतं."

काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मी छाती भरून श्वास घेतला आणि खाली बाजारात ऐकू जाईल असा ओरडलो.

"शेजारी!"